कोकणात बसून जीसीसी अपग्रेड करताना येणारी लफडी आणि त्यावरचे उपाय

जीसीसी (लिनक्सवर सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) अपग्रेडला घेतला आणि मधेच एरर आला की बहुतेक लोक पहिला संशय नव्या जीसीसीवरच घेतात, गपचूप जुन्यावर परत जातात आणि वर्षभर तिकडे फिरकत नाहीत. खरं तर त्या बिचाऱ्याचा दोष क्वचितच असतो. भानगड तीनपैकी कुठेतरी असते, एक तर मशीन कमी पडतंय म्हणजे रॅम, डिस्क, गरमी नाहीतर लाईट, दुसरं म्हणजे जुन्यावरून नव्यावर येताना काहीतरी अर्धवट राहिलंय, आणि तिसरं म्हणजे जो प्रोग्राम कंपाइल होत नाहीये त्याचाच कोड जुनाट आहे. आपला एरर यातला कुठला हे आधी ओळखायचं, कारण तिघांचे उपाय वेगळे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावत बसलात तर अख्खा रविवार गेला समजा.

मी हे जेंटू धरून लिहितोय, म्हणजे ते लिनक्स ज्यात बहुतेक प्रोग्राम सोर्सवरून आपल्याच मशीनवर बांधले जातात; ते काम पोर्टेज करतं आणि त्याची कमांड इमर्ज. आणि आपल्याकडची परिस्थिती धरून, म्हणजे मी कुडाळकडचा, इथे लाईट कधी जाईल नेम नाही, पावसात नेट रडतं आणि मशीन बऱ्याच जणांचं जुनंच असतं. चोवीस तास लाईट आणि एसी गृहीत धरून लिहिलेल्या गाईडमध्ये या गोष्टी येत नाहीत पण आपलं अर्धं डोकं तिथेच जातं. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये इंग्रजीतच टाकायच्या हे वेगळं सांगायला नको.

आधी वेळ कुठली निवडायची

वळवाच्या पावसात नको आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तर नकोच, फांद्या तारांवर पडतात आणि लाईट गेली की संध्याकाळपर्यंत नाव नाही. गणपतीच्या आसपासही काढू नका, चाकरमानी गावात आले की टॉवरचा जीव गुदमरतो आणि जीसीसीचा सोर्सच नव्वद एमबीच्या आसपास आहे, वर बाकीची पॅकेजं वेगळी. म्हणून सोर्स आदल्या रात्री उतरवून ठेवायचे, इमर्ज --फेचओन्ली लावून झोपा. मग कंपाइल करताना नेट नसलं तरी चालतं.

वेळ किती लागणार याचा अंदाज पाहिजे असेल तर जेनलॉप -टी जीसीसी मारा, मागच्या वेळी तुमच्याच मशीनवर किती तास लागले ते दिसतं. दुसऱ्याच्या मशीनचे आकडे काही कामाचे नाहीत. आणि एवढा वेळ का लागतो तर जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो. आधी तुमच्या जुन्या कंपायलरने नवा बांधला जातो, मग त्या नव्याने स्वतःलाच परत, आणि मग त्या दुसऱ्याने तिसऱ्यांदा. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाईल्स (कंपाइल झालेले तुकडे) एकमेकांशी ताडून बघतात, त्या सारख्या निघाल्या तरच पुढे. यूज फ्लॅगमध्ये (पॅकेजमध्ये काय घालायचं ते ठरवणारी सेटिंग) पीजीओ, म्हणजे आधी चालवून बघून त्यावरून वेगवान कंपायलर बांधणं, चालू असेल तर अजून वेळ, जुन्या मशीनवर तो बंदच ठेवा, मिळणाऱ्या फायद्यापेक्षा वीजबिल जास्त.

एक चांगली गोष्ट अशी की कंपाइल चालू असताना तुमच्या जुन्या जीसीसीला कोणी हात लावत नाही. सगळं काम /व्हार/टीएमपी/पोर्टेजमध्ये चालतं आणि नवीन मेजर व्हर्जन वेगळ्या स्लॉटमध्ये जातं, म्हणजे तेरा आणि चौदा शेजारी शेजारी राहतात. मधेच लाईट गेली तर सिस्टम मरत नाही, फक्त तास वाया जातात.

लाईट गेली तर

लॅपटॉप असेल तर बॅटरी संपायच्या आत सस्पेंड करा, स्वॅप पुरेसा असेल तर हायबरनेट. लाईट आली की झाकण उघडा, कंपाइल जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर एक लक्षात घ्या, फुल लोडवरचा सीपीयू इन्व्हर्टरची बॅटरी भराभर खातो, तुम्ही नेहमी धरता तेवढा बॅकअप त्या दिवशी मिळणार नाही.

पण मशीन धाडकन बंदच पडलं तर? परत इमर्ज लावलं की पोर्टेज जुनं काम पुसून पहिल्यापासून सुरू करतं. पोर्टेजच्या मेक डॉट कॉन्फ या सेटिंग फाईलमध्ये फीचर्सला कीपवर्क टाकून किंवा ईबिल्ड कमांडने त्याच ईबिल्ड फाईलवर (पॅकेज कसं बांधायचं याची कृती) कंपाइल चालवून आहे तिथून पुढे नेता येतं, आणि ही युक्ती भारी वाटते, पण जीसीसीसाठी माझा सल्ला विचाराल तर नको. वीज अचानक गेली तर ज्या क्षणी जी ऑब्जेक्ट फाईल लिहिली जात होती ती अर्धी किंवा चक्क शून्य बाइटची राहू शकते, मेकला (बांधकामाचा क्रम चालवणारा प्रोग्राम) ती झालेली वाटते, तो पुढे जातो आणि दोन तासांनी तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो फाईल फॉरमॅट ओळखता येत नाही. मग तुम्ही शोधत बसता. इतर मोठ्या पॅकेजला एखाद वेळ चालवून घ्या, कंपायलरला स्वच्छ सुरुवात द्या.

रॅम, टेम्पएफएस आणि गरमी

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. एरर असा दिसतो: इंटर्नल कंपायलर एरर (नव्या जीसीसीत फेटल एरर), किल्ड, प्रोग्राम सीसीवनप्लस. हे वाचून कंपायलरमध्ये बग आहे असं वाटतं पण शब्द नीट बघा, किल्ड. म्हणजे कोणीतरी मारलाय, आणि मारणारा कर्नल आहे कारण रॅम संपली. डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवतं) मारून बघा, शेवटी शेवटी आउट ऑफ मेमरीची ओळ सापडेल. मेक डॉट कॉन्फमध्ये मेकऑप्ट्सला -जे८, म्हणजे एकदम आठ जॉब, टाकलंय आणि रॅम आहे आठ जीबी, मग दुसरं काय होणार. हिशोब सोपा आहे, एका जॉबला साधारण दोन जीबी धरा, आठ जीबीला -जे४, आणि वर ब्राउझर उघडा ठेवायचा असेल तर -जे३. स्वॅप थोडा तरी ठेवाच.

याचाच भाऊ म्हणजे डिव्हाइसवर जागा नाही हा एरर. डीएफ मारलं तर डिस्कवर पन्नास जीबी मोकळी दिसते आणि माणूस चक्रावतो. /व्हार/टीएमपी/पोर्टेज टेम्पएफएसवर म्हणजे रॅममध्ये ठेवलंय का बघा. छोट्या पॅकेजला ते मस्त, पण जीसीसीला कित्येक जीबी जागा लागते. तेवढ्या एका पॅकेजसाठी पॅकेज डॉट एन्व्ह (एखाद्याच पॅकेजला वेगळी सेटिंग देणारी फाईल) मधून पोर्टेज_टीएमपीडीआयआर डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवायचं, बाकीचं आहे तसं राहू द्या.

आता गरमी. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या किंवा कौलाच्या खोलीत तीन-चार तास सगळे कोअर शंभर टक्के चालवले तर पंखा जेटसारखा ओरडतो, आमची आजी ओसरीवरून विचारते "ह्या मशीनीक ताप इलो की काय रे?" आणि तिचं निदान चुकीचं नसतं. लक्षण असं की सेगमेंटेशन फॉल्ट येतो, तोच इमर्ज परत लावला तर दुसऱ्याच फाईलवर येतो, तिसऱ्यांदा कदाचित येतच नाही. ही कसोटी पाठ करून ठेवा: एरर दर वेळी त्याच फाईलच्या त्याच ओळीवर येत असेल तर सॉफ्टवेअरचा प्रश्न, जागा बदलत असेल तर हार्डवेअरचा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या फाईल्स जुळल्या नाहीत म्हणजे बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर आला आणि तुमच्या सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायचे पर्याय) काही अघोरी नसेल, तरी आधी हार्डवेअरकडेच बघा.

हार्डवेअर म्हणजे काय करायचं तर सेन्सर्स कमांडने तापमान बघा, फॅनमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदलून किती वर्षं झाली ते आठवा. आणि किनाऱ्याजवळ राहात असाल, मालवण, देवगड, गुहागर, तर खारी हवा हा वेगळाच विषय आहे. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळपट पडतात, वरून सगळं ठीक दिसतं, डेस्कटॉप चालतो, व्हिडिओ चालतो, पण जीसीसीसारखं काम रॅमचा कोपरा न् कोपरा वापरतं आणि तिथे एखादा बिट उलटा होतो. मशीन बंद करून, प्लग काढून, पट्टी बाहेर काढा आणि साध्या पांढऱ्या खोडरबरने दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसा, भुगा ब्रशने झाडा, परत टक् आवाज येईपर्यंत बसवा. रिपेरिंगवाला पण हेच करतो आणि वर पैसे घेतो. त्यानंतर रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेवा. एकही एरर दिसला तर ती पट्टी बदलायची, "थोडेसेच एरर आहेत" असं काही नसतं.

नव्यावर यायचं कसं

इमर्ज लावायच्या आधी ईसिलेक्ट न्यूज रीड मारा, जेंटूच्या सूचना दिसतात. लोक हे टाळतात आणि मग तेच प्रश्न विचारत फिरतात जे तिथे लिहिलेले असतात. मग क्विकपीकेजीने चालू जीसीसीचं बायनरी म्हणजे तयार बांधलेलं पॅकेज करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

जीसीसी बांधून झाला म्हणजे तो वापरात आला असं नाही हे पुष्कळांना माहीतच नसतं. स्लॉट वेगळा असेल आणि जुनी सेटिंग नीट चालू असेल तर पोर्टेज आपणहून बदलत नाही. जीसीसी-कॉन्फिग -एल मारा, यादी येते, ज्याच्यापुढे चांदणी तो सध्याचा. नव्याचा नंबर बघून जीसीसी-कॉन्फिग आणि तो नंबर. यादी बघितल्याशिवाय सरळ दोन टाकू नका, तुमच्या यादीत दोन नंबरला काय आहे ते तुमचं तुम्हालाच माहीत. मग सोर्स /ईटीसी/प्रोफाइल, आणि हे उघड्या असलेल्या प्रत्येक टर्मिनलमध्ये करायचं नाहीतर एका खिडकीत नवा आणि दुसरीत जुना असा गोंधळ होतो. जीसीसी --व्हर्जनने खात्री करा.

त्यानंतर लगेच लिबटूल (लायब्ररी बांधायला मदत करणारं साधन) परत बांधा, इमर्ज --वनशॉट --यूजपीकेजी=एन डेव्ह-बिल्ड/लिबटूल. हा कशाला तर लिबटूल बांधला जातो तेव्हा त्या वेळच्या जीसीसीच्या फोल्डरचा पत्ता त्याच्यात कोरला जातो. तुम्ही नव्यावर आलात, जुना काढून टाकलात आणि लिबटूल अजून जुन्या पत्त्यावर पत्रं टाकतोय, मग सीआरटी फाईल सापडत नाही वगैरे एरर येतात ज्यांचा वरवर जीसीसीशी संबंधच दिसत नाही.

जुना जीसीसी इतक्यात काढायचा नाही. परत लिहितो, काढायचा नाही. जागेची इतकी घाई असेल तर /व्हार/कॅश/डिस्टफाइल्स साफ करा, तिथे जास्त सुटेल.

सी कंपायलर कॅननॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स असा एरर कॉन्फिगर करताना आला तर शंभरातले नव्व्याण्णव लोक शोधायला लागतात की जीसीसी तुटला कसा. आधी जीसीसी-कॉन्फिग -एल बघा, तिथे ॲक्टिव्ह प्रोफाइल इनव्हॅलिड लिहून आलं तर निवडलेला जीसीसी जागेवर नाही एवढाच अर्थ, दुसरा निवडा आणि पुढे चला. तिथे सगळं ठीक असेल तर त्या पॅकेजच्या कामाच्या फोल्डरमधली कॉन्फिग डॉट लॉग उघडा, खरं कारण तिथे असतं, आणि पुष्कळदा ते मेक डॉट कॉन्फमध्ये सीफ्लॅग्जच्या ओळीत झालेली टायपिंगची चूक निघते.

अख्खं वर्ल्ड परत बांधायचं का

नाही. लोक अजून सांगतात इमर्ज -ई @वर्ल्ड, म्हणजे बसवलेलं सगळं परत बांधणं, कराच, आणि आपल्याकडच्या लाईटवर ते चार दिवस चालतं. सी++ची जी लायब्ररी जीसीसीबरोबर येते ती लिबएसटीडीसी++ गेली कित्येक वर्षं डॉट एसओ डॉट सिक्स याच नावाने चालू आहे आणि जुन्याने बांधलेले प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालतात. मोठा अपवाद म्हणजे २०१५ चा जीसीसी ५, त्यात स्ट्रिंग आणि लिस्टची आतली मांडणी बदलली आणि सी++ वाली पॅकेजं रेवडेप-रिबिल्डने (लायब्ररीवर अवलंबून पॅकेजं शोधून परत बांधणारं साधन) परत बांधायला लागली. आणि २०१७ च्या शेवटी जेंटूचं १७.० प्रोफाइल (मूळ सेटिंगचा संच) आलं तेव्हा पीआयई (मेमरीत कुठेही बसू शकणारे प्रोग्राम) डीफॉल्ट झाल्यामुळे खरंच सगळं बांधायला सांगितलं होतं. तो सल्ला तेव्हाचा, लोकांच्या डोक्यात मात्र तो कायमचा बसलाय.

उलट्या दिशेला मात्र रस्ता नाही. जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ सापडलं नाही असा एरर दिसला म्हणजे प्रोग्राम जीसीसी १३.२ किंवा त्यापुढच्याने बांधलाय आणि चालवताना त्याला जुनी लायब्ररी मिळतेय. परत नवा जीसीसी निवडा, सोर्स /ईटीसी/प्रोफाइल, झालं. सारखं पुढे-मागे करणाऱ्यांना हा हमखास भेटतो.

एलटीओ (तुकडे जोडताना केलं जाणारं ऑप्टिमायझेशन) वापरत असाल तर स्टॅटिक लायब्ररीत जुन्या व्हर्जनचा बाइटकोड पडून असतो आणि लिंकर सांगतो की एलटीओ व्हर्जन जुळत नाही. ज्या डॉट ए फाईलचं नाव एररमध्ये आहे ते पॅकेज तेवढं परत बांधा. आणि बाहेरचे कर्नल मॉड्यूल, एनव्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स वगैरे, हे कर्नल ज्या जीसीसीने बांधलाय त्यानेच बांधलेले बरे. म्हणून कर्नल परत बांधून त्यात बूट करा आणि मग इमर्ज @मॉड्यूल-रिबिल्ड.

जुना कोड, नवा कडक कंपायलर

आता तिसरा प्रकार. इथे एरर दर वेळी त्याच ओळीवर येतो, कितीही वेळा लावा.

आधी खरा एरर शोधा. स्क्रीनवर शेवटी जे दिसतं ते मेकचं रडगाणं असतं, -जे४ वर चार कामं एकदम चालतात त्यामुळे मूळ एरर पन्नास-शंभर ओळी वर राहतो. पोर्टेज शेवटी बिल्ड डॉट लॉगचा पत्ता देतं, ती फाईल उघडून एरर आणि कोलन असं वरून खाली शोधा आणि पहिला सापडेल तो वाचा. मदत मागताना पण तोच भाग द्या, शेवटच्या पाच ओळींवरून देव पण सांगू शकणार नाही.

मग तो कुठल्या व्हर्जनमुळे आलाय ते बघायचं. मल्टिपल डेफिनिशन म्हणत असेल तर तो २०२० चा जीसीसी १०, तेव्हापासून -एफनो-कॉमन डीफॉल्ट आहे, हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल टाकून तेच दहा फाईल्समध्ये घेतलं की आता चालत नाही. यूइंट३२_टी म्हणजे काय असं सी++ कोडमध्ये विचारत असेल तर २०२३ चा जीसीसी १३, आधी सीएसटीडीइंट हे हेडर दुसऱ्या हेडरमधून फुकटात यायचं, आता स्वतः लिहावं लागतं. २०२४ चा जीसीसी १४ सगळ्यात कडक, सी मध्ये फंक्शन न सांगता वापरलं, इंट लिहायचा राहिला, पॉइंटरचा प्रकार जुळला नाही, हे सगळं पूर्वी वॉर्निंगवर सुटायचं ते आता सरळ एरर. आणि २०२५ चा जीसीसी १५, त्यात सी ची डीफॉल्ट आवृत्ती सी२३ झाली, म्हणजे बूल, ट्रू, फॉल्स हे कीवर्ड झाले आणि स्वतःचा बूल बनवून ठेवलेला कोड आपटतो, शिवाय फंक्शनचा कंस रिकामा सोडला तर आता अर्थ एकही आर्ग्युमेंट नाही.

पहिलं काम, पॅकेजचं नवीन व्हर्जन आलंय का बघा, नाहीतर जेंटूच्या बगझिलावर (बगच्या नोंदींची साईट) पॅकेजचं नाव टाकून शोधा, पॅच बहुतेक तिथे लागलेला असतो. काहीच नसेल तर तात्पुरता फ्लॅग. जीसीसी १० वाल्याला -एफकॉमन, जीसीसी १५ वाल्याला -एसटीडी=जीएनयू१७. पण हे मेक डॉट कॉन्फमध्ये टाकायचं नाही, सगळ्या सिस्टमला लागेल आणि सहा महिन्यांनी आपण का टाकलं होतं ते आठवणार नाही. /ईटीसी/पोर्टेज/एन्व्ह या फोल्डरमध्ये जुनासी डॉट कॉन्फ नावाची फाईल करा, तिच्यात एकच ओळ, सीफ्लॅग्ज, मग = चिन्ह, मग आधीचे सीफ्लॅग्ज आणि पुढे हा फ्लॅग. मग पॅकेज डॉट एन्व्हमध्ये पॅकेजचं नाव आणि पुढे जुनासी डॉट कॉन्फ. वर कॉमेंटमध्ये तारीख आणि कारण.

जीसीसी १४ च्या एररना -एफपर्मिसिव्ह लावून परत वॉर्निंगवर आणता येतं, पण हे मला पटत नाही. सी मध्ये फंक्शन माहीत नसलं की कंपायलर धरून चालतो की ते इंट परत देतं, इंट ३२ बिटचा. ते फंक्शन खरं तर पॉइंटर देत असेल तर ६४ बिटच्या मशीनवर त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, प्रोग्राम बांधला जातो, उघडतो सुद्धा, आणि कधीतरी भलत्याच वेळी कोसळतो. त्यापेक्षा राहिलेलं हेडर टाकून एका ओळीचा पॅच करा आणि /ईटीसी/पोर्टेज/पॅचेस मध्ये ठेवा, पुढच्या वेळी बहुतेक पॅकेजांना तो आपोआप लागतो.

मशीन खरंच दमलेलं असेल तर हट्ट सोडा. जेंटूने डिसेंबर २०२३ मध्ये एएमडी६४ आणि एआरएम६४ साठी भरपूर तयार बायनरी पॅकेजं द्यायला सुरुवात केली, गेटबिनपीकेजी फीचर चालू करून तुमचे यूज फ्लॅग जुळले तर तीच उतरतात. ब्राउझर आणि क्यूटीसारखी अवजड पॅकेजं तिकडून घ्या, बाकी घरी बांधा. यात कमीपणा कसला.

जुना जीसीसी काढायचा तो मात्र सगळे अपडेट झाल्यावर, दोन-चार वेळा रीबूट करून, रोजचे प्रोग्राम वापरून बघितल्यावर. आधी इमर्ज -पी --डेपक्लीन (गरज नसलेली पॅकेजं काढण्याआधी नुसती यादी दाखवतं), यादी डोळ्यांनी वाचा, जीसीसीचा जुनाच स्लॉट जातोय ना बघा, मग खरं डेपक्लीन, आणि नंतर एकदा रेवडेप-रिबिल्ड. त्यातूनही कंपायलरच हातचा गेला तर घाबरू नका, पोर्टेज पायथनमध्ये आहे, त्याला बायनरी बसवायला कंपायलर लागत नाही. मघाशी क्विकपीकेजीने करून ठेवलेलं पॅकेज इमर्ज --वनशॉट --यूजपीकेजीओन्ली लावून बसवा, जुनं व्हर्जन असेल तर नावापुढे नेमका व्हर्जन नंबर द्या, आणि जीसीसी-कॉन्फिगने ते निवडा.